वामनचा राहिलेला नवस

“प्रवास म्हणजे काय?” अभयराव माईकमध्ये म्हणाले आणि कुणी उत्तर देणार नाही याची खात्री होईपर्यंत थांबले. “प्रवास म्हणजे माणसाच्या आत्म्याला फुटलेले पंख!”

त्याच क्षणी डावीकडच्या एका सीटखाली खरोखरचे पंख फडफडले.

सायंप्रकाश ज्येष्ठ नागरिक मंडळाची वार्षिक सहल तळवलीच्या नाक्यावरून निघून जेमतेम महाप्यापर्यंत आली होती. बाहेर पुरतं उजाडलं नव्हतं. कंपन्यांच्या भिंती आणि उभ्या ट्रकांच्या रांगा तेवढ्या मागे पळत होत्या. आत निम्मी मंडळी पेंगत होती आणि उरलेली पेंगणाऱ्यांना नावं ठेवत होती. फडफड ऐकून सगळी एकदम ताठ बसली.

अभयराव माईक हातात घेऊनच खाली वाकले, त्यामुळे पुढचा संवाद सबंध बसने ऐकला.

“काशीबाई, या पिशवीत काय आहे?”

“नारल.”

“नारळ हलतो कसा?”

“नारल नाय हलत. नारलाच्या बाजूला कोंबरा हाय, तो हलतो.”

मंडळाचे अध्यक्ष अभयराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. जगातली कुठलीही अडचण नियमाच्या कागदात बसवता येते यावर त्यांची श्रद्धा होती. सहलीत मद्य, मांसाहार आणि राजकारण वर्ज्य, असा मंडळाचा नियम होता. पण जिवंत कोंबड्याबद्दल नियम काहीच बोलत नव्हता.

“जिवंत कोंबडा म्हणजे मांसाहार नव्हं सर,” मागच्या सीटवरून दत्तू म्हणाला. “तो बी आपल्यासारखाच प्रवासी झाला.”

“ज्येष्ठ नागरिक आहे का पण?” दत्तूची बायको वेणूबाई म्हणाल्या, आणि बस हसली. हसलेल्या बसपुढे अध्यक्षांचं काही चालत नाही. कोंबडा राहिला.

काशीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी पायांत घट्ट धरली. त्या पिशवीत नुसता नारळ आणि कोंबडा नव्हता. हिरवी साडी होती, खण होता, ओटीचे तांदूळ होते. घणसोलीच्या सोनाराकडून घेतलेला चांदीचा इवलासा पाळणा होता, चांदीचं पाऊल होतं, डोळ्यांची जोडी होती आणि काडेपेटीएवढं चांदीचं घर होतं. माणूस देवापुढे जे जे म्हणून कबूल करू शकतो, ते सगळं त्यांनी बरोबर घेतलं होतं. सून रंजिता म्हणाली होती, “आई, एवढं कशाला? एकच नवस ना बाबांचा?” काशीबाई म्हणाल्या होत्या, “एकच. पन कंचा, ते कोनाला म्हाईत?”

गोष्ट अशी होती की काशीबाईंचे यजमान वामन गेल्या भादव्यात वारले. आदल्या संध्याकाळी इस्पितळात नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. तो त्यांनी हाताने बाजूला केला आणि म्हणाले, “काशे, आय एकवीरेचा नवस रायला.” काशीबाई वाकल्या. “कंचा नवस?” वामनने त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मुखवटा पुन्हा तोंडावर ओढून घेतला. तेवढ्यात नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली. सकाळ व्हायच्या आत वामन गेले.

दम लागला म्हणून बोलला नाही, असं काशीबाईंनी धरलं. पण नवस लटकला. आणि लटकलेल्या नवसाखाली माणूस सुखाने भाकर खाऊ शकत नाही, निदान तळवलीच्या गावठाणात तरी नाही. त्यांनी मुलाला, मिथुनला विचारलं. मिथुन म्हणाला, “आई, टेन्शन नको घेऊस, मी ऑनलाइन देणगी टाकतो.” गावातल्या म्हाताऱ्या बयाबाईला विचारलं. ती म्हणाली, “समदा घेऊन जा. आयला जा लागंल ता ती ठेवंल.” हा सल्ला काशीबाईंना पटला. म्हणून ही पिशवी.

पनवेल मागे पडलं. करंजाड्याच्या बाजूला नव्या टॉवरांचे सांगाडे धुक्यातून वर आले होते. खडी काढून काढून अर्धे झालेले डोंगर त्यांच्याकडे बघत उभे होते. मग बस द्रुतगती मार्गाला लागली आणि पहिला बोगदा आला. अंधार झाला. बोगदा संपला, उजेड पडला, आणि पिशवीतून खणखणीत बांग आली.

“सकाळ झाली असं वाटलं त्याला,” दत्तू म्हणाला.

पुढच्या बोगद्यानंतर पुन्हा सकाळ झाली. त्यापुढच्यानंतर पुन्हा. खंडाळ्याचा घाट चढेपर्यंत त्या कोंबड्याने इतक्या सकाळी पाहिल्या की एरवी त्याच्या जातीच्या वाट्याला तेवढ्या येत नाहीत. ड्रायव्हर रणजीत दर बोगद्याच्या तोंडाशी ओरडू लागला, “मावशी, तयार राहा!” पेंगणाऱ्यांनीही मग पेंगायचं सोडून दिलं. अभयरावांनी घाटाच्या इतिहासावर तयार केलेलं भाषण खिशातच ठेवलं.

काशीबाई खिडकीतून बघत होत्या. घाटात काटेसावरी फुलल्या होत्या, पान एक नाही आणि फुलं लालभडक. वर मावळात पोचल्यावर जमीन सपाट झाली. गव्हाची शेतं पिवळी पडायला आली होती, हरभरा सोंगायला आला होता, एक माणूस बांधावर निवांत बसून दात घासत होता. काशीबाईंनी त्या माणसाकडे मान वळवून बघितलं. त्यांचीही जमीन होती कधीकाळी. भात आणि एका बाजूला मिठागर. सरकारने शहरासाठी घेतली. तिथे आता काय आहे हे त्यांना पत्ता विचारून शोधावं लागलं असतं. वामन शेतकऱ्याचा कामगार झाला, महाप्याच्या रंगाच्या कंपनीत. तिथेच त्याला दत्तू भेटला, परभणीकडून आलेला. एक खाडीचा, एक कोरडवाहू. दोघे जन्मभर एकमेकांच्या बोलण्याची टिंगल करत एका बाकावर जेवले.

पण खाडी काही सुटली नाही. कंपनीला सुट्टी असली की वामन खांद्यावर पागाचं जाळं टाकून खाडीवर जायचा. बोयटं, काळुंद्री, नशीब असलं तर जिताडा आणायचा. जिताड्याचं डोकं त्याच्या ताटातलं ठरलेलं. आणि इथेच काशीबाईंच्या काळजात एक काटा होता. तो आज आठेक वर्षं तिथेच होता.

आठेक वर्षांपूर्वी काशीबाईंच्या पोटात गाठ निघाली. गर्भाची पिशवी काढली. महिनाभर जगते का मरते अशा होत्या. जगल्या. घरी आल्या, हातपाय हलायला लागले तशा पहिल्याच रविवारी चुलीशी उभ्या राहिल्या आणि जिताड्याचं कालवण केलं. वामनने ताटाकडे बघितलं आणि ताट बाजूला सारलं. “नको. नाय खायचा आता.” त्या दिवसापासून त्याने म्हावऱ्याला हात लावला नाही. स्वतः मासा पकडून आणायचा, पण खायचा नाही. आगऱ्याच्या पोराने मासा सोडला, म्हणजे काय ते दुसऱ्या आगऱ्याला सांगावं लागत नाही. लोक म्हणाले निरूपणाच्या बैठकीला जायला लागला. तो कुठल्याच बैठकीला जात नव्हता. काशीबाई मासे तळायला लागल्या की तो ओटीवर जाऊन उदबत्ती लावायचा.

काशीबाईंनी त्याचा अर्थ लावला. पिशवी गेलेली बाई. तिच्या हातचं त्याला नको झालं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, त्यालाही नाही. त्यांनी फक्त दर रविवारी जास्त खमंग वाटण घातलं, त्याच्यासमोर बसून चवीने खाल्लं, आणि त्याच्या ताटात वरण असं आपटलं की चार शिंतोडे त्याच्या बनियनवर उडायचे. वामन शिंतोडे पुसायचा आणि जेवायचा.

कार्ल्याला, एकवीरेच्या डोंगराच्या पायथ्याशी बस थांबली. नवसाचं काय ठरेल ते वर देवीपुढे, कोंबड्याचं नंतर खाली, असा विचार करून काशीबाईंनी कोंबडा रणजीतच्या हवाली केला.

“याला पानी दे. आनि बोलू नको त्याच्याशी जास्त, सवय लागंल.”

पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी दुकानं होती. हार, ओट्या, पेढे, लिंबूसरबत, आणि प्रत्येक दुकानातून वेगळं गाणं. मंडळाची मंडळी पुढे गेली. काशीबाईंचे गुडघे बोलायला लागले तशा त्या दर वळणावर बसू लागल्या. दत्तू आणि वेणूबाई त्यांच्यासाठी मागे राहिले. दोघांनी पांढरे कपडे घातले होते. त्यांना वरच्या चैत्यात वंदना घ्यायची होती.

“बघा वहिनी,” वेणूबाई म्हणाल्या, “आम्ही वर पंचशील घेणार, प्राण्याला मारणार नाही म्हणणार. अन् आमच्याच बसमधी तुमचा कोंबडा वाट बघत बसणार.”

“तुमचा तुमच्यापाशी, माजा माज्यापाशी. पायरी येकच हाय ना.”

“ते मात्र खरं.”

वर पोचल्यावर अभयराव सिंहाच्या खांबापाशी उभे राहून सांगत होते. दोन हजार वर्षं, सातवाहन, व्यापारी. कुणी कुणी दान दिलं त्यांची नावं खांबांवर कोरलेली आहेत, असं ते म्हणाले, तेव्हा एका सभासदाने विचारलं, “मंडळाच्या पंख्यावर नाव टाकायला तुम्ही नाही म्हणालात, ते मग कुठल्या नियमाने?” इतिहास तिथेच थांबला.

एकाच अंगणात डावीकडे लेणं आणि समोर देवीचं देऊळ. मंडळी आपोआप दोन वाटांनी फुटली. देवळाची रांग मात्र कुठल्याशा कोळीवाड्याहून आलेल्या मंडळींनी पार खालपर्यंत नेली होती.

“वहिनी, ही रांग तासाभराने ओसरंल,” दत्तू म्हणाला. “तवर उन्हात कशाला? लेण्यात गार आहे. चला, टेका जरा.”

काशीबाई लग्नानंतर दोनदा इथे आल्या होत्या, पण लेण्यात पाऊल कधी टाकलं नव्हतं. आत गेल्या आणि बाहेरची गाणी एकदम मागे राहिली. खांबांच्या दोन रांगा, वर लाकडाच्या कमानी, एखाद्या पालथ्या घातलेल्या प्रचंड होडीच्या आत उभं राहावं तसं. टोकाला स्तूप. कमानीच्या मोठ्या खिडकीतून येणारा उजेड बरोबर त्याच्यावर पडला होता. दत्तू, वेणूबाई आणि आणखी दोघंतिघं हात जोडून हलक्या आवाजात वंदना म्हणू लागले. आवाज वर कमानींत जाऊन गोल फिरून परत यायचा. काशीबाई एका खांबाशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. त्यांना शब्द कळले नाहीत, पण डोळा लागता लागता राहिला.

वंदना झाल्यावर ती दोघं शेजारी येऊन बसली. वेणूबाईंनी पिशवीत डोकावलं आणि चांदीचा पाळणा उचलला.

“अगं बाई! या वयात?”

“ठेव गो. चेष्टा नको.” आणि मग, गार दगडामुळे म्हणा किंवा इतके महिने कुणी नीट विचारलं नव्हतं म्हणून म्हणा, काशीबाईंनी सगळं सांगितलं. इस्पितळ, मुखवटा, नवस रायला, कंचा ते नाही. “म्हून समदा आनलाय. पोराबालांसाठी बोलला असंल तर पालना. घरासाठी बोलला असंल तर घर. त्याच्या पायासाठी असंल तर पाय. आयला काय लागंल ता ती घेईल.”

 दत्तू समोरच्या खांबाकडे बघत राहिला. वेणूबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

“सांगा की.”

“काय सांगू?”

“तेच. मला सांगितलं होतं ते.”

“मला वाटलं वहिनींना ठाऊक असंल,” दत्तू म्हणाला. “इतकी वर्षं झाली. मेल्यावर तरी कळलंच असंल, असं वाटलं.”

काशीबाईंनी पिशवी खाली ठेवली.

“भावजी, तुमाला म्हाईत हाय?”

“आमच्या कॅन्टीनला बुधवारी मासा असायचा,” दत्तू म्हणाला. “एके दिवशी यानं आपला तुकडा उचलला अन् माझ्या ताटात टाकला. म्हणलं, का रं, बिघडलाय का? काही बोलंना. पुढच्या बुधवारी परत तसंच. मग मी धरूनच बसलो. तवा म्हणला, दत्त्या, काशी दवाखान्यात होती ना, तवा मी एकवीरेला बोललो. काशी वाचली तर तिला घेऊन तुझ्या दारात येईन. अन् येईपर्यंत तोंडात मासा घालणार नाही.”

बाहेर कुणीतरी जोरात ‘आई माऊलीचा उदो’ केला. तो आवाज लेण्यात आला आणि विरला.

“मी म्हणलं, एवढंच ना? मग घेऊन जा की. तर म्हणला, पहिल्या साली डॉक्टर चढू नको म्हणाले. मग तिचे गुडघे धरले. मी म्हणलं, मग? तर म्हणला, गुडघ्याचं काय, पाठीवर घेऊन चढेन. वहिनी, खरं सांगतो, मी त्याला म्हणलं, वामन्या, तुझं वजन काय, वहिनींचं काय, पहिल्याच पायरीवर देवी प्रसन्न होऊन तुलाच घेऊन जाईल.”

काशीबाईंना हसू आलं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच त्याचं काहीतरी वेगळं झालं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“मग आनली का नाय मना?” त्या पदराआडून म्हणाल्या.

दत्तू पुन्हा खांबाकडे बघू लागला.

“तो म्हणायचा, दर चैत्राला विचारतो. ती येत नाही.”

 ते खरं होतं. दर चैत्राला वामन दाराशी उभा राहून, नखं खात, परक्या माणसासारखा विचारायचा, “काशे, कार्ल्याला येतेस?” आणि दर चैत्राला काशीबाई हातातलं भांडं घासत मान वर न करता म्हणायच्या, “माज्या हातचा तुला गोर लागत नाय. मंग देवाला मी कशाला लागते?” वामन थोडा वेळ उभा राहायचा. मग खाडीवर जायचा.

ती जात नव्हती कारण तो खात नव्हता. तो खात नव्हता कारण ती जात नव्हती. आठ वर्षं एका घरात, एका चुलीवर हे चाललं, आणि दोघांतलं एकही खोटं बोललं नाही.

“सांगायचं ना त्यानं वहिनींना,” वेणूबाई म्हणाल्या. “तोंड होतं की.”

“नाय सांगत,” काशीबाई म्हणाल्या. “ज्याच्यासाठी बोलला त्याच्या कानावर घालत नाय. फिटल्याबिगर नाय. कानावर परला तर नवस खोटा परतो, माणूस जातो. आमच्यात तसाच हाय.”

मग त्यांना इस्पितळातली ती मान आठवली. “कंचा नवस?” म्हणून त्या वाकल्या होत्या आणि त्याने मान हलवली होती. त्याला दम लागला नव्हता. तो सांगणार नव्हता. स्वतः जायला निघालेला माणूस, त्याने मुखवटा तोंडावर ओढून घेतला होता, कारण काशीचा नवस अजून फिटलेला नव्हता.

दत्तू हळूच म्हणाला, “वहिनी, मी काही नवस-बिवस मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याच्या वाटणीचा मासा इतकी वर्षं मी खाल्ला. त्याची शरम वाटायली आता.”

“खाल्ला ता बरा केला,” काशीबाई म्हणाल्या. “टाकून दिला असता तर जास्त राग आला असता मना.”

त्या उठल्या. खांबाला धरून उठल्या. पिशवी त्यांनी वेणूबाईंच्या हातात दिली, आणि फक्त नारळ आणि साडी काढून घेतली.

“बाकीचा ऱ्हाऊ दे?” वेणूबाईंनी विचारलं.

“बाकीचा कोन बोललाच नव्हता.”

रांग खरंच ओसरली होती. दत्तू देवळात गेला नसता, पण उंबऱ्यापर्यंत तो काशीबाईंच्या मागे मागे, त्या पडल्या तर धरायला म्हणून चालत आला, आणि बाहेर थांबला. गाभाऱ्यात पुजाऱ्याने हात पुढे केला.

“नवसाचं काय आणलंय, मावशी?”

काशीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. नवसाची वस्तू पायऱ्या चढून, दर वळणावर बसत, गुडघे चोळत वर आली होती. पण हे पुजाऱ्याला कसं सांगायचं?

“मीच,” त्या म्हणाल्या.

पुजाऱ्याला गर्दीत नीट ऐकू आलं नाही. त्याने ओटी घेतली, कुंकू लावलं आणि “चला पुढे, पुढे चला” म्हणाला. काशीबाई हलल्या नाहीत. मागच्या बाया ढकलत होत्या. त्या देवीच्या डोळ्यांकडे बघत होत्या, आणि एवढंच म्हणाल्या, “मी आले. त्याचा फिटला, असा त्याला सांग.”

खाली बसपाशी रणजीतने कोंबड्याला स्टिअरिंगला बांधून ठेवलं होतं आणि तो त्याला वेफर खाऊ घालत होता.

“मावशी, कापायचा असेल तर मागे सोय आहे. विचारून ठेवलंय मी.”

“नाय कापायचा.”

“का हो? एवढा आणलात.”

“तो नवसात नव्हता.”

रणजीतला काही कळलं नाही, पण त्याच्या आईने दारात कोंबड्या पाळल्या होत्या, आणि त्यांत एक कोंबडा वाढला तर तिला आनंदच होणार होता. अशा रीतीने तो प्रश्न सुटला. अभयरावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मंडळाला शुद्ध शाकाहारी हॉटेलात नेलं. काशीबाईंनी पोळीचा एक तुकडा मोडला आणि तो ताटात इकडून तिकडे फिरवला.

दुपारी भाज्याच्या लेण्यांना बाकीचे वर गेले. काशीबाई पायथ्याशी आंब्याखाली बसून राहिल्या. समोर हिरवी-पिवळी शेतं, मधून जाणारी एक मालगाडी, लांबवर किल्ल्यांचे माथे. आंब्याला मोहर होता आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या. दत्तू उतरून आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

“काय हाय वर?”

“स्तूप आहेत. रांगेनं लहान लहान. गेलेल्या भिक्खूंचे.”

“येका रांगेत समदे?”

“हो. काहींवर नावं आहेत.”

“बरा हाय,” काशीबाई म्हणाल्या. “कोन कुटं हाय ता म्हाईत परतं.”

 दत्तू शेजारी बसून बूट झाडत राहिला.

परतीला मंडळी दमली होती. घाट उतरताना सूर्य उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे जात होता. बोगद्यांतून बाहेर पडल्यावर पुढून, ड्रायव्हरच्या केबिनमधून, बांग यायची, पण आता कुणी हसत नव्हतं. काशीबाईंनी कपाळ काचेला टेकवलं होतं. वेणूबाईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला होता, तो काढला नव्हता.

द्रुतगती मार्ग पुढे तुंबलाय असं रणजीतला फोनवर कळलं, म्हणून त्याने बस पनवेलमधून काढली. दिवेलागण व्हायला आली होती. अभयरावांना समारोपाचं भान आलं. त्यांनी माईक तोंडाशी धरला, दोन टिचक्या मारल्या.

“मित्रहो! आज आपण निसर्ग पाहिला. इतिहास पाहिला. माणसाच्या श्रद्धेची दोन हजार वर्षांची वाट आपण स्वतःच्या पायांनी चाललो. आता प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं. या प्रवासाने आपल्याला काय दिलं?”

माईक सीटवरून सीटवर फिरू लागला. कुणी शांती म्हणालं. कुणी समाधान म्हणालं. एकजण एकता म्हणाला, आणि लगेच शेजाऱ्याला खिडकी बंद करण्यावरून ओरडला. एका बाईंनी अभंगाची ओळ म्हटली आणि तिचं पुढचं विसरल्या. माईक काशीबाईंपाशी आला. वेणूबाईंनी तो परतवायला हात पुढे केला, पण काशीबाईंनी घेतला. सगळ्या माना वळल्या. नवऱ्याच्या मागे पहिल्यांदा बाहेर पडलेली बाई, ती काय बोलते, म्हणून बस गप्प झाली.

काशीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. रस्त्याच्या कडेला, पुलाच्या अलीकडे, चारपाच कोळणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या. दोघींनी टोपल्या आवरायला घेतल्या होत्या.

“रणजीत,” त्या माईकमध्ये म्हणाल्या, आणि सबंध बसमध्ये घुमलं, “गारी थांबव बाबा. उठतील त्या.”

“काशीबाई, आपल्या नियमानुसार सहलीत—” अभयराव म्हणाले.

बस थांबली होती. दत्तू उठून दरवाजा उघडायला गेलासुद्धा होता.

काशीबाई एकेक पायरी धरून खाली उतरल्या. त्यांनी टोपलीतला जिताडा कल्ले उघडून बघितला, नाक लावून बघितलं, भाव ऐकून नेहमीप्रमाणे एकदा उठून जायचं नाटक केलं आणि परत बसल्या. बसच्या खिडक्यांत म्हाताऱ्या तोंडांची रांग लागली होती. कोळणीने मासा कोयतीखाली घेतला, खवले काढले, आणि डोकं उडवून बाजूच्या कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला.

काशीबाईंनी तिचं मनगट धरलं.

“डोका टाकू नको गो बाय,” त्या म्हणाल्या. “मिथुनच्या बापसाला लागतो.”